गवताच्या पोटातला राखणदार

पेरणीला पंधरा-वीस दिवस झाले की अकोला-अमरावतीकडच्या ज्वारीच्या वावरात काही झाडं विचित्र दिसू लागतात. बाजूची पानं हिरवी असतात, पण मधला पोंगा वाळलेला असतो. तो ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाशी कुजका वास येतो. हे काम खोडमाशीच्या अळीचं. माशी पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरं अंडं घालते. अळी पोंग्यातून खाली सरकते आणि वाढीचा कोंबच कापून टाकते. तिच्या तावडीतून सुटलेल्या झाडांना पुढे खोडकिडा गाठतो. तो धांड्यात शिरून आतला गर पोखरतो. कणसाचं नुकसान होतंच, शिवाय कडबाही पोकळ आणि निकस होतो.

एकेकाळी वऱ्हाडात कापूस आणि ज्वारी ही जोडी होती. कापसाने पैसा द्यायचा, ज्वारीने माणसाला भाकर आणि गुरांना कडबा. सोयाबीन आलं तशी ज्वारी मागे पडली. आता गोठ्यात सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार जास्त आणि कडबा कमी. गावोगावच्या ई-क्लास जमिनी, म्हणजे गुरं चारायच्या सरकारी जागा, अतिक्रमणांनी आक्रसल्या आहेत. अशा वेळी वैरणीवर पडणारी कीड ही फक्त शेताची अडचण राहत नाही. ती दुधाची, बैलांची आणि उन्हाळ्यात गुरं विकावी लागणार का या प्रश्नाची अडचण होते.

मग फवारणी करावी का? चारापिकावर विषारी औषध मारलं की ते आज ना उद्या गुराच्या पोटात जातं. आणि फवारणाऱ्याचं काय होतं, हे अमरावती विभागाने २०१७ च्या खरिपात पाहिलं आहे. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. कीड तर आवरायची, पण पाठीवर पंप न घेता, हा प्रश्न इथे पुस्तकी नाही.

या प्रश्नाचं एक उत्तर गवतानेच फार पूर्वी शोधून ठेवलं आहे. काही जातींची गवतं स्वतःच्या पोटात एक बुरशी पाळतात. ती बुरशी किडींना नकोशी वाटणारी द्रव्यं तयार करते आणि गवत तिला घर आणि अन्न देतं. अशा आत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांना एंडोफाइट म्हणतात. मराठीत अंतर्वासी म्हणू. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत लाखो एकर कुरणं आज अशाच राखणदाराच्या भरवशावर उभी आहेत. मात्र त्या देशांना हा राखणदार समजायला बरीच वर्षं आणि बरीच जनावरं मोजावी लागली.

मेंढ्या का थरथरत होत्या?

अमेरिकेत १९३१ मध्ये केंटकी राज्यातल्या एका डोंगरउतारावर टॉल फेस्क्यू या गवताचा एक काटक प्रकार विद्यापीठाच्या प्राध्यापकाच्या नजरेस पडला. उन्हात, थंडीत, तुडवणुकीत तो तग धरत होता. १९४३ मध्ये ‘केंटकी ३१’ नावाने तो शेतकऱ्यांना मिळाला आणि पाहता पाहता अमेरिकेच्या आग्नेय भागात पसरला. पण त्याच्यावर चरणाऱ्या गाई रोडावू लागल्या. उन्हाळ्यात त्या धापा टाकत, दूध घटे, गाभण राहण्याचं प्रमाण कमी होई. थंडीत काहींच्या खुरांना आणि शेपटीच्या टोकांना रक्त पोहोचत नसे आणि तो भाग सडत असे. गवत दिसायला उत्तम होतं, त्याच्यावर कोणताही रोग दिसत नव्हता.

उत्तर १९७७ मध्ये सापडलं. जॉर्जिया राज्यात चार्ल्स बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषारी कुरणातलं गवत सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तेव्हा पेशींच्या मधल्या फटींतून एका बुरशीचे धागे गेलेले दिसले. ही बुरशी पानावर डाग पाडत नाही, भुकटी सोडत नाही. फुलोरा आला की ती दाण्यात शिरते आणि बियाण्याबरोबर पुढच्या पिढीत जाते. आईकडून लेकराकडे जावी तशी. म्हणून इतकी वर्षं ती कुणाच्या डोळ्यांना पडली नव्हती. आज तिला एपिक्लोई या नावाने ओळखतात. गाईंच्या रक्तवाहिन्या आकुंचित करणारं अर्गोव्हॅलिन हे द्रव्य तीच बनवत होती.

त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये दुसरं कोडं होतं. रायग्रास या गवतावर चरणाऱ्या मेंढ्या उन्हाळ्याच्या शेवटी थरथरू लागत. कुणी दचकवलं, पळवलं की त्या अडखळून पडत. कुरणातून हलवलं की काही दिवसांत बऱ्या होत. १९८१ मध्ये फ्लेचर आणि हार्वे या संशोधकांनी दाखवून दिलं की हा प्रकारही गवतातल्या अंतर्वासी बुरशीशी जोडलेला आहे. पुढे त्यामागचं द्रव्य सापडलं, त्याचं नाव लोलिट्रेम बी.

उपाय सोपा वाटला. बुरशी नसलेलं बियाणं पेरायचं. तसं पेरलं, आणि मेंढ्यांची थरथर थांबली. पण गवतच टिकेना. अर्जेंटाइन खोड-सोंड्या नावाच्या छोट्या भुंग्याच्या अळ्यांनी ती कुरणं आतून पोखरली. १९८२ मध्ये न्यूझीलंडच्याच दुसऱ्या गटाने खुलासा केला: बुरशी असलेल्या गवताला हा भुंगा तोंड लावत नाही, नसलेल्या गवताचा फडशा पाडतो. म्हणजे जी बुरशी मेंढ्यांना त्रास देत होती, तीच कुरण वाचवत होती.

विष एकच नव्हतं

सुटका झाली ती या शोधामुळे की बुरशी एकच द्रव्य बनवत नाही. लोलिट्रेम बी आणि अर्गोव्हॅलिन जनावरांना बाधतात. पेरामिन नावाचं तिसरं द्रव्य भुंग्याला परतवतं, पण मेंढ्यांना आणि गाईंना त्याचा त्रास होत नाही. फेस्क्यू गवतात लोलिन नावाची आणखी काही द्रव्यं असतात, तीही किडींवरच चालतात.

आता शोध सुरू झाला तो पेरामिन बनवणाऱ्या पण बाकीची दोन द्रव्यं न बनवणाऱ्या बुरशीच्या वाणाचा. त्यासाठी जुन्या जगातल्या रानटी गवतांचं बियाणं गोळा करण्यात आलं आणि त्यातल्या बुरशी एकेक करून तपासण्यात आल्या. बुरशीत कोणतंही जनुक बाहेरून घातलं नाही. निसर्गातलाच सौम्य वाण निवडायचा आणि कोवळ्या रोपात सोडायचा, इतकंच. ‘एआर-१’ हा असा वाण २००१ मध्ये न्यूझीलंडच्या बाजारात आला. २००७ मध्ये ‘एआर-३७’ आला. तो जास्त प्रकारच्या किडी रोखतो, पण त्याच्यावर चरणाऱ्या मेंढ्यांना कधीकधी थरथर होते. अमेरिकेत फेस्क्यूसाठी असाच निरुपद्रवी वाण २००० पासून मिळू लागला.

तिथला शेतकरी आज बियाण्याची पिशवी घेताना गवताच्या जातीबरोबर आतल्या बुरशीचं नावही वाचतो. फवारणी नाही, दरवर्षीचा खर्च नाही. बियाण्यातच राखणदार येतो आणि गवत जगेल तोवर राहतो.

मग तेच बियाणं इथे आणावं?

इथे थांबून नीट पाहावं लागतं. एपिक्लोई बुरशी राहते ती थंड हवेच्या गवतांत. रायग्रास, फेस्क्यू ही गहू-जवाच्या गणगोतातली गवतं. वऱ्हाडातला मारवेल, पवन्या, कुसळी आणि वैरणीची ज्वारी, मका, बाजरी ही सगळी उष्ण प्रदेशातल्या वेगळ्या शाखेची. त्यांच्यात एपिक्लोईचं नैसर्गिक घर नाही. रायग्राससारखं गवत अकोल्याच्या काळ्या जमिनीत आणून वाढवायचं म्हटलं, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तिथे ते टिकणार नाही.

दुसरी अडचण साठवणीची. बियाण्यातली ही बुरशी जिवंत असते. गरम आणि दमट जागी पोतं ठेवलं की बियाणं उगवतं, पण आतली बुरशी मेलेली असते. म्हणून ती बियाणी थंड, कोरड्या कोठारात ठेवतात. पत्र्याच्या गोदामात वऱ्हाडचा उन्हाळा काढणाऱ्या बियाण्याची ती परिस्थिती नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती माळरानाविषयी आहे. अकोला-वाशीम पट्ट्यातल्या गवताळ रानांत पावसाळ्यात तणमोर विणीसाठी येतो. नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेला हा पक्षी. गवतातून उंच उडी मारून मादीला साद घालणारा नर पाहण्यासाठी अभ्यासक दूरदूरहून येतात. फासेपारधी समाजातले लोक, जे एकेकाळी शिकारीवर जगत, त्यांनी या भागात त्याच्या रक्षणाचं काम हाती घेतलं आहे. तणमोर आणि त्याची पिल्लं जगतात ती नाकतोडे, भुंगे, अळ्या यांच्यावर. तिथे कीटक म्हणजे कीड नव्हे, ते पक्ष्याचं ताट आहे.

याची दुसरी बाजू न्यूझीलंडनेच दाखवली आहे. तिथे अंतर्वासी बुरशी असलेलं एक खास गवत विमानतळांसाठी तयार केलं गेलं आणि ख्राइस्टचर्च विमानतळावर त्याच्या चाचण्या झाल्या. हेतू असा की गवतात कीटक कमी झाले की ते खायला पक्षी येणार नाहीत, आणि विमानांना धडकणार नाहीत. गवताच्या आतली बुरशी पाखरांना पळवून लावू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. धावपट्टीच्या कडेला जे हवं, ते तणमोराच्या माळावर अजिबात नको. म्हणून हा विचार करायचा तर तो पेरलेल्या वैरणीपुरता. नैसर्गिक कुरणाला चराईबंदी, गवत कापणीची योग्य वेळ आणि अतिक्रमणापासून संरक्षण हेच औषध आहे.

ज्वारीच्या धांड्यातली बुरशी

ज्वारी हेसुद्धा एक गवतच. तिच्यासाठी वेगळा राखणदार शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि त्याचं नाव वऱ्हाडातल्या कृषी सेवा केंद्रांत ऐकू येणारंच आहे: बिव्हेरिया बॅसियाना. कापसावरची पांढरी माशी, तुरीवरच्या अळ्या यांच्यासाठी शेतकरी ही मित्रबुरशी फवारतात. तिचे बीजाणू किडीच्या अंगावर पडतात, रुजतात, कातडीतून आत शिरतात आणि काही दिवसांत कीड मरते. मेलेल्या किडीवर पांढरी पावडर आल्यासारखी दिसते. इटलीतल्या अगोस्तिनो बासी यांनी १८३५ मध्ये रेशमाच्या अळ्यांच्या रोगामागे हीच बुरशी असल्याचं सिद्ध केलं, आणि सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे तेव्हा पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं.

ही बुरशी झाडाच्या आतही राहू शकते, हे नंतर कळलं. अमेरिकेत आयोवामध्ये १९९१ च्या सुमारास मक्यावर काम करणाऱ्या संशोधकांना ती मक्याच्या धांड्यात सापडली, आणि अशा मक्यात खोड पोखरणाऱ्या अळीची बोगदे पाडण्याची ताकद कमी झालेली दिसली. भारतात आंध्र विद्यापीठ आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ज्वारीवर बिव्हेरिया वापरून खोडकिडा रोखण्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. इथे खोडकिडा तोच, जो वऱ्हाडातल्या धांड्यात आढळतो.

या कल्पनेचं आकर्षण उघड आहे. बिव्हेरियाला कडक ऊन आणि कोरडी हवा सोसत नाही. २५ अंशांच्या आसपास ती जोमाने वाढते, ३५ च्या पुढे तिची वाढ जवळजवळ थांबते, आणि उघड्या उन्हात तिचे बीजाणू लवकर मरतात. पानावर फवारलेली बुरशी म्हणूनच पुष्कळदा वाया जाते. ती धांड्याच्या आत गेली तर ऊनही टळतं आणि कीड जिथे शिरते तिथेच तिची गाठ पडते.

पण एपिक्लोई आणि बिव्हेरिया यांच्यात मोठा फरक आहे. पहिली जन्मभराची सोबतीण आहे, दुसरी पाहुणी. बिव्हेरिया झाडात किती दिवस टिकेल हे जातीवर, जमिनीवर, पावसावर आणि बुरशी कशी दिली यावर ठरतं. बियाण्याला चोळली, फवारली की मुळाशी दिली, प्रत्येकाचा निकाल वेगळा येतो. पुढच्या पिढीच्या बियाण्यात ती सहसा जात नाही, म्हणजे दर हंगामात पुन्हा द्यावी लागते. कुंडीत आलेला चांगला निकाल वावरात तसाच येतो असं नाही. ‘एकदा लावा, कायमचं विसरा’ असं कुणी विकत असेल, तर ते या विज्ञानाच्या पुढचं बोलणं आहे.

गवत, बुरशी आणि माणसाचं पोट

गवतातली बुरशी ही फक्त मेंढ्यांची गोष्ट नाही, महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरापर्यंत ती आलेली आहे. एपिक्लोईच्याच कुळातली अर्गट ही बुरशी बाजरीच्या कणसात दाण्याऐवजी काळपट गाठी तयार करते. १९५० च्या दशकात तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाल्ल्याने अनेकांना मळमळ, उलट्या आणि गुंगी आली. डॉक्टरांनी त्याची नोंद १९५८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात केली. त्यावरचा उपाय आजही शेतकऱ्यांना सांगितला जातो. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकायचं. हलक्या गाठी वर तरंगतात, त्या काढून जाळायच्या, आणि तळाचं बियाणं धुऊन सावलीत वाळवायचं.

अगदी अलीकडचं उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बांधवगडच्या जंगलाजवळ कोद्र्याचं पीक खाऊन दहा हत्ती मेले. तपासात सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष सापडलं. कोद्रा खाऊन कधीकधी झिंग येते, हे आदिवासी भागात पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

गोठ्यातही हेच लक्षात ठेवायला हवं. पावसात भिजलेलं कुटार, बुरशी धरलेला कडबा आणि ओलसर जागी पडलेली सरकी ढेप यांत ज्या बुरशी वाढतात, त्या राखणदार नव्हेत. त्यातलं अफलाटॉक्सिन गाईच्या यकृताला इजा करतं आणि रूप बदलून दुधात उतरतं. म्हणून दुधात त्याची मर्यादा कायद्याने ठरवलेली आहे: किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. उकळून ते जात नाही. ‘बुरशीही चांगली असते म्हणे’ असं ऐकून काळी पडलेली ढेप गुरांपुढे टाकली, तर तोटा घरच्या लेकरांच्या पेल्यापर्यंत पोहोचतो.

आणि ज्वारीकडे स्वतःचं विषही आहे. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. ते चावलं गेलं की त्यातून सायनाइड सुटतं. पावसाने ताण दिला की त्याचं प्रमाण वाढतं. कापणीनंतरच्या फुटव्यांवर भुकेलं जनावर तुटून पडलं की काही मिनिटांत कोसळतं, हे गावात कुणी ना कुणी पाहिलेलं असतं. किडीला आवरणारं विष गुरालाही बाधू शकतं, हा न्यूझीलंडचा धडा वऱ्हाडात असा आधीपासूनच आहे.

आजच्या घडीला काय करता येईल?

अंतर्वासी बुरशीचं खात्रीचं बियाणं ज्वारीसाठी हाती येईल तेव्हा येईल. तोपर्यंत खोडमाशीवरचा सर्वांत स्वस्त उपाय वेळेचा आहे. पुरेसा पाऊस होताच आठ-दहा दिवसांत पेरणी उरकली तर खोडमाशीची पिढी वाढायच्या आत झाड तिच्या पल्ल्याबाहेर जातं. उशिरा पेरलेली ज्वारी तिच्या तोंडी सापडते. बियाणं थोडं जास्त पेरून पोंगेमर झालेली झाडं विरळणीत उपटून नष्ट करावीत. कापणीनंतर धसकटं वावरात तशीच ठेवू नयेत, कारण खोडकिड्याच्या अळ्या त्यातच उन्हाळा काढतात. कडबा कुट्टी करून घातला तर वैरण वाचते आणि धांड्यात दडलेल्या अळ्याही मरतात. कीटकनाशक लावलेलं उरलेलं बियाणं गुरांना किंवा कोंबड्यांना कधीही घालू नये.

बिव्हेरिया वापरायची असेल तर डब्यावरचा नोंदणी क्रमांक आणि मुदत वाचावी, डबा उन्हात ठेवू नये, फवारणी संध्याकाळी आणि हवेत ओलावा असताना करावी, आणि तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक मिसळू नये. जवळ तुतीची बाग आणि रेशमाच्या अळ्या असतील तर ती वापरूच नये. जैविक असलं तरी फवारताना तोंडाला कापड आणि हातात मोजे हवेतच. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून या भागात काम करत आहे. वाण आणि मात्रा यांविषयी तिथल्या किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना विचारणं दुकानातल्या सल्ल्यापेक्षा बरं.

हिरवी ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच कापून घालावी. कोवळी ज्वारी खाऊन जनावर धापा टाकू लागलं, तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावं. सायनाइडवर उतारा देणारं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचतं.

पुढे कधी ‘किडीला स्वतः रोखणारी वैरण’ असं लिहिलेली पिशवी बाजारात आली, तर ती घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. आतली बुरशी कोणतं द्रव्य बनवते? ते गाईला, शेळीला आणि दूध पिणाऱ्याला चालतं याची चाचणी कुठे झाली? आणि आपल्या उन्हात, आपल्या गोदामात ती किती दिवस जिवंत राहते? न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना हे प्रश्न मेंढ्या पडू लागल्यावर सुचले. वऱ्हाडातला शेतकरी ते पिशवी फोडण्याआधीच विचारू शकतो.